मोटरसायकलमागे ट्रेलर: ओढेल हो, पण थांबेल का?

डोमिनार, हिमालयन किंवा ३५०ची बुलेट दारात असली आणि तंबू, चूल, पाण्याचे कॅन बांधून बांधून कंटाळा आला, की ट्रेलरचा विचार डोक्यात येतोच. त्यापाठोपाठ पहिला प्रश्न येतो, 'आपली गाडी ओढेल का?' ओढेल. चाकांवर ठेवलेलं पन्नास-साठ किलो वजन सपाट रस्त्यावर ओढायला फार मोठं इंजिन लागत नाही. विचार करायचा तो थांबण्याचा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना चांगला ठाऊक आहे. तिथल्या अपघातांच्या बातम्यांत ब्रेक निकामी झालेला ट्रक पुन्हा पुन्हा भेटतो. वजन चढावर नुसतं दमवतं, जीवावर बेततं ते उतारावर.

थोडा हिशोब करू. डोमिनार ४०० साधारण १९३ किलोची, त्यावर सामानासह ८० किलोचा माणूस, म्हणजे एकूण २७३ किलो. मागे सामानासकट ६० किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर लावला की ३३३ किलो. ब्रेक मात्र तेच, आणि रस्त्याला धरून थांबवणारे टायरही तेच दोन. ताशी ६० किलोमीटर वेगावरून जोरात ब्रेक दाबून जी गाडी २० मीटरमध्ये थांबते, तिला आता साडेचोवीस मीटरच्या आसपास लागतील. वरचे साडेचार मीटर म्हणजे एका मोटारीची लांबी. हे कोरड्या, सपाट डांबरावर. घाटात, ओल्यात किंवा वाळू पसरलेल्या वळणावर किती लागतील ते तुम्हीच ठरवा. या लेखातला जवळजवळ प्रत्येक सल्ला या साडेचार मीटरांतूनच निघालेला आहे.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सोडू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर आणायचा तर ट्रेलरची स्वतःची नोंदणी लागते. उसाच्या ट्रॉलीला ट्रॅक्टरपेक्षा वेगळा नंबर असतो तो यामुळेच. नोंदणीसाठी त्या मॉडेलला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी लागते. अशी मंजुरी देणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. भोसरीतल्या शेडमध्ये वेल्डिंग करून घेतलेला ट्रेलर दिसायला कितीही देखणा असला तरी त्याला ही मंजुरी नसते. शिवाय त्याच कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं.

म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. विक्रेत्याकडे मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि ती घेऊन स्वतः आरटीओत जा, मग तुमचा नंबर एमएच-१२ असो वा एमएच-१४. गाडीची पुस्तिका उघडून 'ट्रेलर जोडू नये' असं वाक्य आहे का बघा. बऱ्याच पुस्तिकांत ते असतं. तिसरं, विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, कारण न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी बरोबर आठवला जातो. 'चालतंय हो साहेब, कोण विचारतंय' असं उत्तर विक्रेत्याने दिलं तर चहा पिऊन परत या.

कागद जमत नसतील तर ट्रेलर खाजगी जमिनीपुरता ठेवायचा. मुळशी-वेल्ह्याकडे स्वतःची किंवा मित्राची शेतजमीन असलेले पुणेकर कमी नाहीत. ट्रेलर छोट्या हत्तीत टाकून तिथे न्यायचा, बाइक चालवत न्यायची आणि फाटकापासून तळ्यापर्यंतच्या कच्च्या वाटेवर ट्रेलर जोडायचा. मजा पुरेपूर आहे आणि पोलिसांशी हुज्जत नाही.

रस्त्यावरून सामान न्यायचंच असेल तर कायद्यातला सोपा मार्ग डब्याचा आहे. २०२० मध्ये केंद्राने दुचाकीवर हलका डबा बसवायला मुभा दिली. त्याची कमाल मापं लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५००. डबा मागच्या सीटच्या जागेवर बसवला तर मागे माणूस बसवता येत नाही. एकट्याने फिरणाऱ्याला एवढ्यात दोन रात्रींचं सामान आरामात बसतं. खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचा ट्रेलरचा प्रश्न इथेच सुटतो.

एक चाक की दोन

एकचाकी ट्रेलर बाइकच्या मागच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी जोडला जातो आणि बाइक कलली की तोही कलतो. तो बाइकच्याच रेषेत धावतो, म्हणजे तुम्ही चुकवलेला खड्डा तोही चुकवतो. त्याची अडचण अशी की तो स्वतःच्या पायावर उभा नसतो, त्यातलं सगळं वजन तोलायचं काम बाइकच करते. वीस-पंचवीस किलो सामानाच्या पुढे तो वळणात बाइकला ढकलल्यासारखा वाटायला लागतो.

दुचाकी ट्रेलर सरळ उभा राहतो, जास्त वजन घेतो, आणि मुक्कामावर सोडवून ठेवता येतो. पण त्याची चाकं बाइकच्या चाकाच्या डाव्या-उजव्या बाजूने जातात. दोन खड्ड्यांच्या मधून बाइक सफाईने काढण्याची आपल्याला जी सवय आहे, ती इथे अंगाशी येते: बाइक मधून निघते आणि ट्रेलरची दोन्ही चाकं दोन्ही खड्ड्यांत पडतात. आपल्या रस्त्यांवर हा फरक वजनाच्या फरकापेक्षा मोठा आहे. म्हणून दुचाकी घ्यायचा तर अरुंद घ्या. रुंदी हँडलच्या रुंदीपेक्षा जास्त नको, म्हणजे जिथून हँडल निघालं तिथून ट्रेलरही निघेल.

मापांसाठी ब्रिटनमधले नियम चांगली पट्टी आहेत, कारण तिथे मोटरसायकलमागचा ट्रेलर कायद्याने चालतो. तिथे बाइक १२५ सीसीच्या वरची हवी, ट्रेलरची रुंदी १ मीटरपर्यंत, बाइकच्या मागच्या एक्सलपासून ट्रेलरच्या शेपटापर्यंत जास्तीत जास्त २.५ मीटर, आणि सामानासह वजन १५० किलो किंवा बाइकच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांतलं जे कमी ते. डोमिनारला हा हिशोब १२८ किलोपर्यंत जातो. मी इथे तेवढं कधीच लावू देणार नाही. तिकडचे रस्ते आणि वरंधा घाट एका पट्टीने मोजायचे नाहीत. सगळं मिळून बाइकच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहा, म्हणजे साठ-पासष्ट किलो. यात रिकाम्या ट्रेलरचं वजनही आलं. रिकामा ट्रेलरच पन्नास किलोचा असेल तर तो बाइकसाठी बनवलेला नाही.

चाकं

परदेशी हलक्या ट्रेलरना आठ इंची बारकी चाकं असतात. ती गुळगुळीत रस्त्यांसाठी. आपल्याकडे दहा इंचाच्या खाली जाऊ नका, आणि दहा इंचात स्कूटरचं चाक घ्या. आकुर्डीत बनलेल्या जुन्या चेतकचं ३.५०-१० चाक यासाठी उत्तम: रिम दोन भागांत उघडते, त्यामुळे पंक्चर काढायला मशीन लागत नाही, आणि ट्रेलरची दोन्ही चाकं सारखी ठेवली तर एकच स्टेपनी पुरते. नाना पेठेत स्कूटरचे पार्ट मिळतात. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातही रिमा दिसतील, पण तिथे घेताना रिम सपाट फरशीवर फिरवून वाकडी नाही ना ते बघा. बेअरिंग मात्र नवीच घ्या.

दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे स्कूटरचा शॉकअब तसाच लावणं. तो दोन माणसांसह स्कूटर तोलायला बनलेला, त्यामुळे चाकामागे पंचवीस-तीस किलोवर तो दबतच नाही आणि ट्रेलर प्रत्येक गतिरोधकावर उडतो. मऊ स्प्रिंग किंवा रबराचा टॉर्शन एक्सल (आतल्या रबराच्या पिळाने झटका घेणारा) हवा. दुसरी चूक हवेची. स्कूटरला भरतो तेवढी हवा इथे भरली तर तोच प्रकार. एका चाकावर तीस किलोच्या आत वजन असेल तर १५ ते २० पीएसआय पुरते. पंपवाला 'एवढीच?' म्हणेल. हो, एवढीच.

जोड

सगळ्यात जास्त पैसे आणि डोकं इथे घाला.

हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायला बाइकवर बसवायचा सांगाडा, कुठे बसवायची याचं उत्तर एका वाक्यात: गाडीच्या मुख्य चेसिसवरच्या मूळ बोल्टांच्या जागी. नंबरप्लेटच्या पत्र्यावर किंवा मागच्या ग्रॅबरेलवर अजिबात नाही. मागची सबफ्रेम खालच्या दिशेने येणारं वजन घ्यायला बनलेली असते, मागून ढकलणारं आणि ओढणारं नव्हे. म्हणून हिचचे दोन हात फूटरेस्टच्या ब्रॅकेटपर्यंत किंवा शॉकअबच्या वरच्या बोल्टपर्यंत नेऊन त्रिकोण बांधावा लागतो. चेसिसवर वेल्डिंग करू देऊ नका, कारण उष्णतेने त्या जागची नळी कमकुवत होते आणि तडा वर्षभराने जातो. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले). घट्ट केल्यावर नट आणि ब्रॅकेटवरून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे चहाच्या थांब्यावर उभ्या उभ्या कळतं.

बॉल, म्हणजे हिचवरचा तो गोळा ज्यावर ट्रेलर अडकतो, मागच्या टायरच्या जितका जवळ तितका चांगला, फक्त टायर आणि सायलेन्सरला मोकळीक राहू द्या. उंची एक्सलच्या पातळीच्या आसपास. बॉल उंच असेल तर ब्रेक मारताना ट्रेलर वरच्या बाजूने ढकलतो, मागचं चाक हलकं होतं आणि घसरायला तयार होतं. ट्रेलरचा दांडा मात्र लांब हवा. आखूड दांड्याचा ट्रेलर चटकन वळतो आणि चटकनच वळवळायला लागतो.

आता मोटारीच्या हिचमध्ये आणि बाइकच्या हिचमध्ये असलेला मूळ फरक. मोटार कलत नाही, बाइक कलते. साधा बॉल-कपलर (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) थोडाच कल सहन करतो, त्यापुढे तो अडकतो, आणि अडकला की ट्रेलर बाइकला वळणात सरळ उभं करायला बघतो. त्यामुळे कपलरच्या मागे दांड्यातच गोल फिरणारा स्विव्हल हवा. तपासायची रीत अशी: रिकामा ट्रेलर जोडा, दोन माणसांनी बाइक धरून एका बाजूला जवळजवळ आडवी होईपर्यंत कलवा, मग दुसऱ्या बाजूला. कुठेही धातूला धातू लागता कामा नये. बाइक खरंच आडवी पडली तरी ट्रेलर दोन्ही चाकांवर उभा राहिला पाहिजे.

शेवटी साखळ्या. दोन हव्यात आणि दांड्याखालून एकमेकींना ओलांडून बांधायच्या. बॉल निसटला तर दांडा त्या फुलीवर झेलला जातो आणि रस्त्यात रुतत नाही. कपलरच्या पिनेला आर-क्लिप (पिन निसटू न देणारी तारेची क्लिप) लावा आणि एक जादा क्लिप खिशात ठेवा. या कामाला तारेचा तुकडा चालत नाही.

वजन कुठे ठेवायचं

उसाचा हंगाम चालू असताना सोलापूर रस्त्यावर दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पाहिला असेल. मागची ट्रॉली सापासारखी डुलत असते. ट्रेलरचा तोल एक्सलच्या मागे गेला की बाइकमागेही तेच होतं, फक्त ट्रॅक्टरला त्याचं काही वाटत नाही आणि बाइकला वाटतं.

उपाय घरच्या वजनकाट्यावर आहे. ट्रेलर सपाट जागी ठेवा, चाकांना विटा लावा. काट्यावर बॉलच्या उंचीइतका ठोकळा ठेवून दांड्याचं टोक त्यावर टेकवा. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन काट्यावर दिसायला हवं, म्हणजे ६० किलोच्या ट्रेलरला ६ ते ९ किलो. कमी आलं तर जड सामान पुढे सरकवा, जास्त आलं तर थोडं मागे. हे वजन बाइकच्या मागच्या भागावर पडतं, त्यामुळे बाइकच्या क्षमतेच्या हिशोबात ते धरा.

पाण्याचे कॅन म्हणजे जड वस्तूंचा राजा, १० लिटरचे १० किलो. ते एक्सलच्या किंचित पुढे, तळाला, आणि पूर्ण भरलेले. अर्धा कॅन वळणात हिंदकळतो. त्याहून बरं म्हणजे पाणी मुक्कामाच्या जवळच्या गावात भरा. तंबू, मॅट, झोपायच्या पिशव्या वर आणि मागे. गॅसचा सिलेंडर उभाच राहील असा बांधा आणि बंद पेटीत कोंडू नका. बांधायला रॅचेटचे पट्टे घ्या. बंजी ताणली जाते, हे तिचं कामच आहे, त्यामुळे ती ताडपत्रीच्या कडेला ठीक. पट्ट्याचं सुटं टोक चाकात जाणार नाही असं खोचा.

दिवे

मागचा दिवा, ब्रेकलाइट, दोन इंडिकेटर, लाल रिफ्लेक्टर आणि नंबर, हे सगळं ट्रेलरवर हवं, कारण बाइकचे मागचे दिवे आता झाकलेत. एलईडीच लावा. वायरिंग बाइकच्या दिव्यांच्या वायरींना थेट जोडू नका. रिले किंवा आयसोलेटर मध्ये घ्या, नाहीतर ट्रेलरमधलं एक शॉर्टसर्किट बाइकचे सगळे दिवे घालवेल. अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढा. बॉलमधून अर्थिंग मिळतं खरं, पण ग्रीस लागलं की दिवे मिचमिचायला लागतात.

चालवायला शिकणं

एखादं मोकळं मैदान गाठा आणि ट्रेलर आधी रिकामा, मग निम्मा, मग पूर्ण भरून चालवा. पहिल्या फेरीत काहीच वेगळं वाटणार नाही, आणि खरा धोका तोच आहे. ट्रेलर मागे असल्याचं विसरायला होतं, आणि आठवतं ते पहिल्यांदा जोरात ब्रेक मारल्यावर.

म्हणून सुरुवात ब्रेकपासून करा. ताशी २०, मग ३०, मग ४० वरून सरळ रेषेत थांबा, आणि कुठे थांबलात तिथे खडूने खूण करा. तोच प्रयोग ट्रेलर सोडवून करा. दोन खुणांमधलं अंतर बघितलं की पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग वळणं. ट्रेलर बाइकपेक्षा आतून वळतो, त्यामुळे वळण थोडं बाहेरून घ्या. ब्रेक वळणाच्या आधी, बाइक सरळ असतानाच संपवा. वळणात ब्रेक मारला तर मागचं वजन तिरकं ढकलतं आणि बाइकचं शेपूट बाहेर फेकतं. यू-टर्न पायांवर घ्यायला जागा नसेल तर ट्रेलर सोडवा, हाताने फिरवा, पुन्हा जोडा. यात काही कमीपणा नाही. रिव्हर्स घ्यायचा प्रसंग येईल अशा जागी शिरूच नका.

गतिरोधकावर दोन धक्के बसतात: बाइक उतरली की थ्रॉटल द्यायची सवय असते, आणि नेमका तेव्हाच ट्रेलर चढत असतो. तो उतरेपर्यंत थांबा.

ट्रेलर डुलायला लागला तर हात आपोआप ब्रेककडे जातो. जाऊ देऊ नका. जोरात ब्रेक मारला तर डुलणं वाढतं, वेग वाढवून सरळ करायला गेलात तरी वाढतं. थ्रॉटल हळूहळू सोडा, हँडल सैल धरा, वेग आपोआप पडू द्या. मग कडेला थांबून वजन पुढे सरकवा. तसंच पुढे जाऊ नका.

सपाट रस्त्यावर ६०च्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. घाटात ३०-४० भरपूर. उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणं ट्रेलरशिवायही वेडेपणा आहे. ब्रेक सतत घासत ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा, गार होऊ द्या.

कुठे न्यायचा

कागद हातात असतील तर पहिला मुक्काम भिगवणला, उजनीच्या काठी करा. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, वाटेत घाट नाही, रस्ता रुंद, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी दिसतात. एकच अट, अंधार पडायच्या आत पोचा. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. दुसरी खेप पवना धरणाची, जुन्या महामार्गाने कामशेतवरून. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, ट्रेलर असो वा नसो. उजनीच्या सपाटीनंतर पवनेकडचे छोटे चढ-उतार हा चांगला सराव आहे.

ताम्हिणी त्यानंतर, आणि पावसाळा संपल्यावरच. भर पावसात तिथे दरड, धुकं आणि रस्त्यात उभ्या केलेल्या गाड्या, तिन्ही एकदम भेटतात. संगमनेर-अकोले-राजूरवरून भंडारदरा लांब पडतं, पण हात बसल्यावर छान. वरंध्यात ट्रेलर नेऊ नका. तिथली वळणं बाइकसाठी आहेत, ती बाइकलाच राहू द्या.

तंबू खाजगी जागेत, मालकाला विचारून टाका. भंडारदऱ्याचा बराच परिसर अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय उतरू नका.

वाटेत आणि घरी आल्यावर

पहिल्या दहा किलोमीटरवर थांबा. रंगाच्या रेघा, साखळ्या, पिन, पट्टे बघा आणि दोन्ही हबना हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग घट्ट झालंय किंवा ग्रीस संपलंय. नंतर प्रत्येक चहाला हेच, दोन मिनिटांत होतं. उतारावर थांबताना बाइक गिअरमध्ये ठेवा आणि ट्रेलरच्या चाकाला दगड लावा, कारण बाइक पुढे ढकलली गेली की साइडस्टँड आपसूक मिटतो. तळ्याकाठी ट्रेलर सोडवायचा तर आधी चाकांना दगड, मग दांड्याखाली टेकू, मग पिन. हा क्रम उलटा केला की ट्रेलर पाण्याच्या दिशेने निघतो.

घरी आल्यावर चिखल धुवा, पण हबवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, सील आत पाणी घेतं. ट्रेलर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर विटांवर चढवून ठेवा, टायरला सपाट डाग पडत नाही. कपलर पुसून नवं ग्रीस लावा, आणि बाइकची मागची ब्रेकपॅड उघडून बघा. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची ती नेहमीपेक्षा लवकर झिजतात, त्यामुळे पॅडचा एक जोड घरात आधीच आणून ठेवा.